ट्रंक रेडिओचा हँडसेट नीट कसा वापरायचा? पहिला शब्द कापला जातो आणि मधेच भुंकतो

बी_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. मी कोकणात एका केमिकल प्लांटला फायर अँड सेफ्टीमध्ये आहे, प्लांटचं नाव विचारू नका. आधीच्या कंपनीत साधे व्हीएचएफचे वॉकीटॉकी होते, वरचा नॉब फिरवून चॅनल लावला, बटण दाबलं, बोललो, विषय संपला. इथे टेट्राचे (डिजिटल रेडिओचा एक प्रकार) ट्रंक सेट आहेत. मोबाईलसारखा स्क्रीन, मेनू, कीपॅड सगळं आहे पण ट्रेनिंग म्हणाल तर एक माणूस आला, भराभर स्लाइड दाखवल्या, चहा पिऊन गेला.

तर प्रॉब्लेम असे की मी काहीही बोललो की कंट्रोलरूमवाला म्हणतो "पुन्हा बोला, सुरुवात कळली नाही". दुसरं म्हणजे कधी कधी बटण दाबलं की सेट भुंकल्यासारखा एक जाडा आवाज काढतो आणि बोलूच देत नाही, आणि हे नेमकं घाईच्या वेळी. तिसरं, शिफ्टला सेट हातात घेतला की बऱ्याचदा सगळं शांत शांत, मला वाटतं आज काम कमी आहे, मग कोणीतरी प्रत्यक्ष येऊन ओरडतं की कधीपासून तुला हाका मारतोय. आणि डोक्यावर जे नारिंगी बटण आहे त्याची तर मला भीतीच वाटते, चुकून दाबलं तर काय होतं?

पुढे शटडाऊन (देखभालीसाठी प्लांट बंद) आहे, कंत्राटदारांची माणसं भरपूर येणार, त्याआधी हे सगळं समजून घ्यायचंय. सीनियर लोकांना विचारलं तर "होईल सवय" म्हणतात.

---

बिनतारी_काका

बाळा, सवय होईल म्हणणाऱ्यांना स्वतःलाच माहीत नसतं म्हणून तसं म्हणतात. मी बिनतारी खात्यातून रिटायर झालेला माणूस, सगळं आयुष्य सेट कानाला लावण्यात गेलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सहन कर.

तुझ्या जुन्या सेटवर चॅनल म्हणजे एक ठरलेली फ्रिक्वेन्सी होती. फायरवाल्यांची एक, मेंटेनन्सची एक, गेटची एक. म्हणजे पाच वाड्यांना पाच टँकर वाटून दिल्यासारखं, एका वाडीचा टँकर दिवसभर उभा आणि दुसरीकडे हंडे घेऊन भांडणं. ट्रंक सिस्टिममध्ये टँकर कुठल्याच वाडीचे नाहीत, सगळे तहसील कचेरीत उभे, ज्याची मागणी आली त्याच्याकडे एक रवाना, काम झालं की परत कचेरीत. तुझ्या सेटवर "फायर १" असं जे नाव दिसतं ती फ्रिक्वेन्सी नाहीये, तो टॉकग्रुप आहे, म्हणजे वाडीचं नाव फक्त.

आता तू बटण दाबतोस तेव्हा तू लगेच बोलायला लागत नाहीस, तू मागणी नोंदवतोस. तुझा सेट कंट्रोल चॅनलवरून (फक्त असल्या मागण्यांसाठी राखलेला चॅनल) टॉवरला सांगतो की फायर १ ला बोलायचंय, सिस्टिम बघते रिकामं काय आहे, मग तुझ्या ग्रुपच्या सगळ्या सेटना सांगते की अमक्या चॅनलवर या, ते सगळे तिकडे जातात, आणि मग तुझ्या सेटला परवानगी मिळते. टेट्रात हे सगळं साधारण ३०० मिलिसेकंदात उरकतं, सेकंदाचा तिसरा हिस्सा समज. पण तू बटण दाबता दाबताच "कंट्रोल" म्हणायला सुरुवात करतोस आणि तो "कंट्रोल" हवेत जातो. म्हणून दाब, बीप ऐक, मग बोल. बीप आलीच नाही तर बोलण्यात अर्थ नाही, तू स्वतःशीच बोलतोयस. काही ठिकाणी कोणीतरी शहाणा माणूस "आवाज त्रास देतो" म्हणून ती परवानगीची बीप प्रोग्रामिंगमधून बंद करून घेतो. तसं असेल तर भांडून चालू करून घे.

शेवटही तसाच, वाक्य पुरं झाल्यावर बटण सोड. पुष्कळ जण "ओव्हर" चा "ओ" म्हणतानाच अंगठा उचलतात.

आणि ओरडू नकोस. जुन्या सेटवर ओरडलं तर निदान मोठं ऐकू यायचं, इथे तुझा आवाज पिळून साडेचार केबीपीएसमध्ये बसवतात, ओरडलास की फाटतो आणि समोरच्याला फक्त खरखर मिळते. माइक तोंडापासून तीनचार बोटं लांब, किंचित तिरका, म्हणजे श्वास थेट माइकवर आपटत नाही. वारा असेल तर पाठ वाऱ्याकडे. सायरन किंवा कॉम्प्रेसर चालू असेल तर आवाज वाढवू नको, माइक जवळ घे.

---

फलाटावरून

काकांनी मूळ सांगितलंच आहे. मी मेट्रोत स्टेशनवर आहे, आमच्याकडेही टेट्राच, त्यामुळे तुमचा तिसरा प्रॉब्लेम आम्हाला रोजचा. सेट माणसाचा नसतो शिफ्टचा असतो, आणि आधीचा माणूस काय करून गेला हे सेट तुम्हाला सांगणार नाही.

सेट हातात आला की मी आधी स्क्रीनवर ग्रुपचं नाव बघतो (नॉब नाही, नाव, कारण नॉब कुठल्या फोल्डरमध्ये फिरतोय त्यावर पुढचं सगळं अवलंबून), मग आवाज किती ठेवलाय, मग स्कॅन (आपल्या ग्रुपशिवाय दुसरे ग्रुपही ऐकणं) चालू आहे का, मग बॅटरी. आणि मग रेडिओ चेक, "कंट्रोल, ए शिफ्ट, स्टेशन अमुक, रेडिओ चेक", आणि समोरून तुमचं नाव घेऊन उत्तर आलं तरच झालं म्हणायचं. नुसती बीप आली म्हणजे सिस्टिमने परवानगी दिली एवढंच, तुम्ही योग्य ग्रुपवर आहात हे बीप सांगत नाही. चुकीच्या ग्रुपवर पण बीप मस्त येते.

वरचा दिवा बघायची सवय लावा. मोटोरोलाच्या टेट्रा सेटवर साधारणपणे हिरवा लुकलुकत असेल तर नेटवर्कमध्ये आहात, स्थिर हिरवा म्हणजे सेट वापरात आहे, स्थिर लाल म्हणजे सेवेबाहेर, लाल लुकलुकतोय म्हणजे नेटवर्क शोधतोय, नारिंगी चमकतोय म्हणजे कॉल येतोय. दुसऱ्या कंपनीच्या सेटवर वेगळं असू शकतं, बॉक्समधलं पुस्तक बघा, ते असतं स्टोअरमध्ये कुठेतरी.

अजून एक, स्क्रीनवर कधी "लोकल साइट" किंवा "साइट ट्रंकिंग" असं काही आलं तर दुर्लक्ष करू नका. तुमच्या टॉवरचा मुख्य कंट्रोलरशी संपर्क तुटलाय, टॉवर एकटाच चालतोय. त्या टॉवरखालच्या लोकांशी बोलता येईल, बीपही येईल, पण कंट्रोलरूम दुसरीकडून जोडलेली असेल तर त्यांना काही ऐकू जाणार नाही. अशा वेळी लँडलाइन. आमच्याकडे नवीन पोरांना हे कोणी सांगत नाही आणि हेच सगळ्यात धोक्याचं आहे, कारण वरून सगळं नॉर्मल वाटतं.

---

टॉवरखालचा

भुंकण्याबद्दल मी सांगतो, माझं पोट त्याच्यावर चालतं (सिस्टिम मेंटेनन्स).

तो जाडा आवाज म्हणजे नकार. दोन कारणं असतात मुख्यतः, एक तर तू रेंजच्या बाहेर आहेस किंवा सगळे चॅनल भरलेत. किंवा ग्रुपमध्ये दुसरा कोणी बोलतोय आणि तू मधे घुसतोयस, ते वेगळं. रेंजचं असेल तर दिव्यावरून कळतं, दोनचार पावलं उघड्यावर ये, पत्र्याच्या शेडखालून बाहेर ये. चॅनल भरलेत म्हणून नकार आला असेल तर बटण पुन्हा पुन्हा टकटक दाबत बसू नको, बहुतेक सिस्टिममध्ये तुझी मागणी रांगेत लागते आणि नंबर आला की सेट बीप देतो, तेव्हा बोलायचं. तू दर सेकंदाला दाबतोस सोडतोस तर रांगेतून बाहेर पडतोस आणि परत शेवटी उभा राहतोस.

आता शटडाऊनचं. टेट्राचा एक कॅरियर (फ्रिक्वेन्सीची एक पट्टी) २५ किलोहर्ट्झचा, त्यात ४ स्लॉट (वेळेचे चार वाटे, एका वाट्यात एक बोलणं). पहिल्या कॅरियरमधला एक स्लॉट कंट्रोलसाठी जातो म्हणजे बोलायला उरले ३. टॉवरवर दोन कॅरियर असतील तर ८ वजा १, म्हणजे ७. लोकांना वाटतं आपल्याकडे चाळीस ग्रुप आहेत म्हणजे चाळीस जण एकदम बोलू शकतात, नाही हो, एका वेळी ३ किंवा ७ संभाषणं, बाकीचे रांगेत. एरवी हे पुरून उरतं कारण रेडिओवरचं बोलणं चारसहा सेकंदांचं असतं.

पुरत नाही ते कशामुळे, तर साहेब लोक सेटचा फोन करतात. सेटवरून एकाला एक असा कॉल लावता येतो, फोनसारखा दोन्ही बाजूंनी एकदम बोलायचा, आणि दोघंही एकाच टॉवरखाली असतील तर तो कॉल दोन स्लॉट खातो. तीन स्लॉटच्या साइटवर दोन इंजिनीअर जेवायला कुठे जायचं ठरवत असतील तर सगळ्या प्लांटला एकच स्लॉट उरतो. ग्रुपवर शंभर माणसं असली तरी एका साइटवर एकच स्लॉट लागतो, ही गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. म्हणून शटडाऊनच्या आधी तुमच्या रेडिओच्या इनचार्जला सांगून पर्सनल कॉलची वेळमर्यादा कमी करून घ्या किंवा शटडाऊनपुरते बंदच करून टाका, सिस्टिममध्ये होतं ते. शिव्या पडतील, पडू द्या.

दुसरी भानगड म्हणजे विसरलेले सेट. ग्रुपचा एक जरी सेट लांबच्या दुसऱ्या टॉवरखाली चालू असेल, समजा जेट्टीवरच्या केबिनमध्ये चार्जरला लावून ठेवलेला, तर त्या ग्रुपचं प्रत्येक बोलणं तिकडेही एक स्लॉट घेतं. कोणी ऐकत नाही तरी. म्हणून जो सेट लागत नाही तो बंद करून चार्जरला लावा.

---

बी_शिफ्टवाला

बाप रे. आजच बीप ऐकून मग बोललो आणि कंट्रोलवाल्याने एकदाही रिपीट म्हटलं नाही, काका नमस्कार घ्या. भुंकण्याचं पण उलगडलं, आमच्याकडे खरंच दुपारी जास्त भुंकतो, कारण कळलं आता 😀

आता अजून एक, शटडाऊनमध्ये टँकच्या आत आणि कॉलममध्ये माणसं उतरणार. आत सेटला रेंज येत नाही असं आधीपासूनचे लोक सांगतात. एकाने सांगितलं की डीएमओ का काहीतरी मोड लाव, सगळीकडे चालतं. खरं का?

आणि नारिंगी बटणाचं राहिलंच.

---

वाळवंटातला_कोकणी

मी गल्फमध्ये रिफायनरीत आहे, मूळ गुहागरकडचा. आपल्याकडून आलेली बरीच पोरं इथे होल वॉचला (टँकच्या तोंडाशी उभं राहून आतल्या माणसावर लक्ष ठेवणारा) असतात, त्यामुळे हे नीट लिहितो.

डीएमओ म्हणजे डायरेक्ट मोड, टॉवर मधे घ्यायचाच नाही, सेट टू सेट. तुझ्या जुन्या वॉकीटॉकीसारखं. "सगळीकडे चालतं" हे अर्धं खरं आहे. टॉवरची गरज नाही म्हणून टॉवर जिथे पोचत नाही तिथे चालतं, पण हँडसेटची ताकद साधारण १ वॉट, तुझा जुना व्हीएचएफ ५ वॉटचा असणार, त्यामुळे जाड पोलादाच्या टँकमधून मॅनवेच्या (माणूस आत उतरायच्या) भोकातूनच काय तो सिग्नल बाहेर येतो. आतला आणि मॅनवेजवळचा माणूस एवढंच जमेल, कधी तेही नाही. करून बघायचं, माणूस आत जायच्या आधी.

आणि मुख्य गोष्ट. डीएमओवर असलेला माणूस नेटवर्कच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. कंट्रोलला ऐकू येणार नाही, त्याला कंट्रोल ऐकू येणार नाही, त्याने नारिंगी बटण दाबलं तरी कंट्रोलला पत्ता नाही, जोपर्यंत मधे गेटवे (डीएमओ आणि नेटवर्क जोडणारा सेट) लावलेला नाही. म्हणून होल वॉचकडे दोन सेट, एक आतल्या माणसासाठी डीएमओवर, दुसरा नेटवर्कवर कंट्रोलसाठी, आणि दोन्हीवर रंगीत टेप लावून ठेवायची, नाहीतर घाईत उलटा सेट तोंडाला लागतो. एकच सेट देत असतील तर तो नेटवर्कवर ठेव आणि आतल्याशी दोरी, टॉर्च, हातोडीची ठकठक जे ठरलं असेल ते. परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर) जे कम्युनिकेशन लिहिलंय ते रेडिओवर अवलंबून असेल आणि रेडिओ चालत नसेल तर माणूस आत जात नाही, एवढं साधं आहे ते. सुपरवायझर घाई करेल. करू दे.

काम झालं की नेटवर्कवर परत या, नाहीतर पुढच्या शिफ्टचा माणूस "आज शांत आहे" म्हणत बसतो, तुझ्या तिसऱ्या प्रॉब्लेमचं हे पण एक कारण असू शकतं बरं का.

केमिकल प्लांट आहे म्हणून अजून एक. झोन एरियात (जिथे हवेत पेट घेणारा वायू असू शकतो) फक्त आयएस किंवा एटेक्स सर्टिफिकेट (ठिणगीने स्फोट होणार नाही याचं) असलेला सेट, आणि बॅटरी पण त्याच सेटसाठी सर्टिफाय केलेली. झोनमध्ये उभं राहून बॅटरी काढायची नाही, बदलायची नाही, चार्ज तर अजिबातच नाही, बाहेरचा माइक जोडणं काढणं पण बाहेर येऊन. बॅटरी उतरली तर चालत बाहेर जा. आणि सेट पट्ट्याला कमरेवर लावला तर अंग निम्मा सिग्नल खातं, छातीवर लावा.

---

टॉवरखालचा

कोकणीदादांशी सहमत, फक्त एक भर. डीएमओवर असताना काही सेट अधूनमधून नेटवर्कही बघत राहतात, ड्युअल वॉच म्हणतात त्याला, पण ते प्रोग्रामिंगमध्ये असावं लागतं आणि बॅटरी खातं. त्याच्या भरवशावर माणूस आत पाठवू नका, दोन सेटच बरे.

---

गडवेडा

थोडं अवांतर. असले सेट ऑनलाइन मिळतात का? आमचा ग्रुप सह्याद्रीत ट्रेकला जातो, घाटात मोबाईलला रेंज नसते, पुढची टीम मागची टीम जोडलेली राहील.

---

बिनतारी_काका

गडवेड्या, ट्रंकचा सेट घेऊन तू गडावर गेलास तर तो बहुतेक वजनच वाढवेल. टॉवर, कंट्रोलर, त्या नेटवर्कमध्ये नोंद, यातलं काही नसेल तर डीएमओ सोडून ट्रंकचं काही चालत नाही, आणि हे नेटवर्क ज्याचं त्याचं लायसन्स घेऊन उभं केलेलं असतं. वायरलेस सेट बाळगायला आपल्याकडे परवानगी लागते, १९३३ चा वायरलेस टेलिग्राफीचा कायदा होता तेव्हापासून. तुमच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी ताकदीचे सेट लायसन्सशिवाय चालतात, २०१८ पासून. पण सेटला डब्ल्यूपीसीचं (सरकारचं बिनतारी खातं) ईटीए सर्टिफिकेट (उपकरणाची मंजुरी) आहे का ते विकणाऱ्याला विचार. स्वस्तातले चिनी सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लागतात, ते नको, त्या प्रकारच्या विक्रीवरून २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना नोटिसा दिल्या होत्या. आणि हौसच असेल तर हॅमची (हौशी रेडिओवाल्यांच्या लायसन्सची) परीक्षा दे, मजा येईल.

---

फलाटावरून

नारिंगी बटणाचं मी लिहितो, कारण आमच्याकडे महिन्यात कोणीतरी ते खिशात दाबतोच.

थोडा वेळ दाबून धरावं लागतं (किती वेळ ते प्रोग्रामिंगवर). दाबलं की तुमचा सेट सगळ्यात वरच्या प्राधान्याने जातो. चॅनल भरलेले असले तरी सिस्टिम चालू असलेलं कोणाचं तरी बोलणं तोडून तुम्हाला जागा देते. कंट्रोलच्या स्क्रीनवर तुमच्या सेटचा नंबर लाल होतो, अलार्म वाजतो, जीपीएस चालू असेल तर ठिकाणही. आणि बऱ्याच ठिकाणी माइक आपोआप उघडा राहतो, बटण न दाबता, ठरलेले काही सेकंद, म्हणजे हात मोकळे नसतील तरी ओरडलात तर ऐकू जाईल. त्याचा दुसरा अर्थ असा की चुकून दाबलं गेलं तर त्या वेळी तुम्ही साहेबांबद्दल जे बोलताय ते सगळा ग्रुप ऐकतो 😄

चुकून दाबलं तर सेट बंद करून लपवायचा नाही. लगेच बोला, "कंट्रोल, फॉल्स इमर्जन्सी, मी अमुक, सुरक्षित आहे", मग कंट्रोल सांगेल तसं रद्द करा. सेट बंद केलात तर कंट्रोलला वाटतं माणूस खरोखर अडकला, आणि लोक तुम्हाला शोधायला धावतात.

पण त्याची भीती बाळगू नका हो. खरी वेळ आली तर विचार न करता दाबा. आधी सुपरवायझरला विचारू, आधी ग्रुप बदलू, असं काही नाही.

सेट हरवला तरी लगेच कळवा, रागावतील म्हणून लपवू नका. कंट्रोलवरून हवेतूनच सेट बंद करता येतो, तोपर्यंत तो ज्याच्या हातात आहे तो तुमच्या नावाने तुमच्या ग्रुपवर बसून ऐकतोय.

---

टॉवरखालचा

ऐकण्यावरून, एनक्रिप्शन (बोलणं सांकेतिक करून पाठवणं) आहे म्हणून गेटचे कोड, कोण व्हीआयपी येतोय वगैरे रेडिओवर बोलू नका. २०२३ मध्ये मिडनाइट ब्लू नावाच्या डच मंडळींनी टेट्राच्या टीईए१ (एनक्रिप्शनच्या एका पद्धती) मधली खोट जाहीर केली, ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांवर येत होती, साध्या कॉम्प्युटरवर फुटते. खासगी कंपन्यांच्या सिस्टिममध्ये टीईए१ असणं अगदी शक्य आहे. तुमच्याकडे कुठलं आहे ते इनचार्जला विचारा, आणि तो "एनक्रिप्टेड आहे" एवढंच म्हणाला तर परत विचारा.

---

बी_शिफ्टवाला

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून रेस्टरूममध्ये लावतो (काकांचा टँकरवाला भाग पण). शेवटचं एक, आमच्या कंत्राटदारांच्या माणसांना वेगळे ग्रुप दिलेत. समजा त्यातल्या एकाने नारिंगी बटण दाबलं तर मला फायर १ वर कळेल का?

---

टॉवरखालचा

प्रोग्रामिंगवर आहे. दोन पद्धती असतात, एकात इमर्जन्सी कॉल त्या माणसाच्या सेटवर त्या वेळी जो ग्रुप लावलेला असेल त्यावरच जातो, दुसऱ्यात एका ठरलेल्या इमर्जन्सी ग्रुपवर जातो. पहिली पद्धत असेल तर कंत्राटदाराचा माणूस त्याच्याच ग्रुपवर ओरडेल, कंट्रोलला कळेल आणि तुला कंट्रोलने सांगितल्यावर कळेल. दुसरी असेल तर तो इमर्जन्सी ग्रुप तुझ्या सेटच्या स्कॅनमध्ये आहे का ते बघ. शटडाऊनच्या आधी कंट्रोलला सांगून सुट्टीच्या दिवशी एकदा खरंच दाबून बघा, कागदावर काय लिहिलंय ते सोडा.